पाण्यातील रोगजंतूंची ओळख : रेण्वीय परीक्षणाचे सामर्थ्य आणि मर्यादा

पाणी दिसावयास नितळ असले, चवीला गोड असले, त्याला कसलाही वास नसला, तरी ते निर्दोष असेलच असे नाही, ही गोष्ट आता प्राथमिक शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तथापि, नेहमीच्या परीक्षणात निर्दोष ठरलेले पाणीदेखील काही प्रसंगी रोगाचे वाहक होऊ शकते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. आजच्या विषयाचा उगम या दुसऱ्या गोष्टीत आहे. ती नीट समजावी यासाठी सुमारे सत्तर वर्षांपूर्वी दिल्ली शहरात घडलेल्या एका घटनेकडे प्रथम वळणे इष्ट ठरेल.

१९५५ सालच्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला आणि पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह आपली जागा सोडून सरकला. शहराला पाणी पुरविणारे उपसा केंद्र वजिराबाद येथे होते. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगड नाला या केंद्राच्या खालच्या अंगाला नदीस मिळत असे. नोव्हेंबर महिन्यात नाल्याचे पाणी खाली जाण्याऐवजी उलट वर, उपसा केंद्राच्या दिशेने सरकू लागले. हा प्रकार लक्षात येताच पाण्यातील क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. या उपायाचा परिणाम दिसून आला. विषमज्वर किंवा हगवण यांची साथ शहरात उद्भवली नाही. जीवाणूंचा बंदोबस्त झाला होता.

परंतु डिसेंबर उजाडताच रुग्णालये काविळीच्या रोग्यांनी भरू लागली. जानेवारी १९५६ अखेरपर्यंत उघड कावीळ झालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० इतकी झाली. सौम्य लक्षणांचे रुग्ण धरले तर हा आकडा लाखाच्या जवळपास जातो, असा अंदाज पुढे पाहणीवरून करण्यात आला. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक आढळले. क्लोरीनने जीवाणू मारले होते. परंतु त्याच पाण्यातून विषाणू घरोघर पोचले होते.

तो विषाणू कोणता, याचे उत्तर मिळण्यास पुढे पस्तीस वर्षे लागली. प्रारंभी तो 'हिपॅटायटिस-ए' या नेहमीच्या काविळीचा विषाणू असावा असे मानले गेले. दिल्लीच्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे नमुने जतन करून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसमवेत ते नमुने, तसेच १९७५-७६ ची अहमदाबादची साथ आणि पुण्यातील काविळीचे रुग्ण यांचे नमुने तपासले, आणि हा आजार 'ए' नव्हे व 'बी'ही नव्हे, असा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध केला. १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून विषाणूचे कण पाहिले. विज्ञानाच्या इतिहासातही असे धाडस क्वचितच आढळते. त्याचे अनुकरण करण्याची मात्र आज कोणाला आवश्यकता उरलेली नाही. अखेर १९९० साली या विषाणूची जनुकीय रचना रेण्वीय तंत्राने उलगडण्यात आली आणि 'हिपॅटायटिस-ई' हे त्याचे नाव रूढ झाले. आज हाच विषाणू रुग्णाच्या नमुन्यात आहे की नाही, हे सुसज्ज प्रयोगशाळा एका दिवसाच्या आत सांगू शकते.

पस्तीस वर्षे आणि एक दिवस, हे अंतर ज्या तंत्राने तोडले त्याची ओळख ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना असणे उपयुक्त आहे. पण हे तंत्र काय सांगते याइतकेच ते काय सांगत नाही, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे. कारण अहवाल हाती आल्यानंतर विहीर बंद करावयाची की चालू ठेवावयाची, हा निर्णय प्रयोगशाळेला घ्यावयाचा नसतो, तो गावाला घ्यावयाचा असतो.

नेहमीची चाचणी

पाणी तपासण्याची प्रचलित पद्धती ही मुळात रोगजंतू शोधण्याची पद्धती नाही, हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटेल. १८८५ साली थिओडोर एशेरिश या वैद्याने बालकांच्या विष्ठेत आढळणाऱ्या एका जीवाणूचे वर्णन केले. पुढे तो त्यांच्याच नावाने 'एशेरिशिया कोलाय', थोडक्यात 'ई-कोलाय', म्हणून ओळखला जाऊ लागला. हा जीवाणू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात कोट्यवधींच्या संख्येने नांदतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. तो पाण्यात सापडला तर त्या पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला आहे, इतके निश्चित होते. जेथे विष्ठा पोचली तेथे पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही पोचू शकतात, असे हे अनुमान आहे. म्हणून भारतीय मानक १०५०० अन्वये १०० मिलिलीटर पाण्याच्या कोणत्याही नमुन्यात ई-कोलाय आढळता कामा नये.

हे अनुमान फार मोलाचे आहे. गेली शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या पाणीपुरवठ्याची राखण त्यानेच केली आहे. ते स्वस्तही आहे. १९८२ साली ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील के. एस. मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइड वायूवर आधारलेली साधी बाटली-चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवावयाची. पाणी काळे पडले तर ते दूषित समजावयाचे. या चाचणीस वीज लागत नाही की सूक्ष्मदर्शक लागत नाही. खेड्यातील शाळेच्या कपाटातही ही बाटली ठेवता येते. जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची जी योजना आहे, तिच्या मागेही हाच विचार आहे, की पहारा गावातच असावा.

पण पहारेकरी चोर आल्याची वर्दी देतो, चोराचे नाव सांगत नाही. शिवाय काही चोर त्याच्या नजरेतून निसटतात. क्लोरीनला ई-कोलाय चटकन बळी पडतो. अनेक विषाणू त्याहून चिवट असतात. म्हणूनच ज्या मानकात शिल्लक क्लोरीन एका लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे म्हटले आहे, त्याच मानकात विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा, असेही नमूद केलेले आहे. क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाची गोष्ट तर याहून बिकट. त्याच्या भोवती असे कठीण कवच असते, की नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला तो दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याचा कटू अनुभव आला. पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होते. केवळ त्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा वाढला होता. सुमारे चार लक्ष तीन हजार लोकांना अतिसार झाला. आसपासच्या जनावरांच्या शेणाकडे प्रथम बोट दाखविण्यात आले. पुढे काही वर्षांनी रुग्णांच्या जतन केलेल्या नमुन्यांतील जंतूंची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तो माणसांमध्ये वाढणारा प्रकार असल्याचे दिसून आले. संशयाची दिशाच बदलली.

जंतूच्या दप्तरातील नोंद

रेण्वीय परीक्षण म्हणजे काय, हे समजावून सांगणे आज पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. कोविडच्या काळात 'आरटी-पीसीआर' हा शब्द वाडीवस्तीवरही पोचला. नाकातील स्रावात करोना विषाणू शोधण्यासाठी जे तंत्र वापरले, तेच तंत्र पाण्यातील जंतू शोधण्यासाठी वापरता येते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. काही विषाणूंत त्याच्या जागी आरएनए असतो. त्या जीवाची सर्व माहिती चार रासायनिक अक्षरांच्या क्रमाने त्यात लिहिलेली असते. या मजकुराचा बराच भाग अनेक जीवांत सारखा असतो; परंतु काही ओळी अशा असतात, की त्या विशिष्ट जंतूखेरीज अन्यत्र सापडत नाहीत. महसुली दप्तरात गावोगावचे सातबारा एकाच नमुन्याचे दिसले, तरी गाव व गट क्रमांक मिळून विशिष्ट जमीन ओळखता येते, त्यातलाच हा प्रकार. अशी ओळ हेरणारे छोटे रासायनिक तुकडे प्रयोगशाळेत तयार करतात. त्यांना 'प्रायमर' म्हणतात. नमुन्यात ती ओळ असेल तरच प्रायमर तिला चिकटतो, अन्यथा नाही.

तथापि एकटी ओळ डोळ्यांना किंवा यंत्राला दिसणार कशी? येथे १९८३ साली कॅरी म्युलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञास सुचलेली युक्ती उपयोगी पडते. या युक्तीबद्दल त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नमुना सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. तो थंड केला, की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. पुन्हा सुमारे ७२ अंशांपर्यंत तापविला, की पॉलिमरेज नावाचे विकर त्या तुकड्याची नक्कल तयार करते. एकाचे दोन झाले. हीच फेरी पुन्हा केली, की दोनाचे चार, चाराचे आठ. अशा तीस फेऱ्या निर्वेध पार पडल्या, तर एका तुकड्यापासून १०७ कोटींहून अधिक तुकडे तयार होतात, आणि याला दोन-तीन तासांहून अधिक वेळ लागत नाही. एवढ्या तापमानात टिकणारे विकर मिळाले ते उकळत्या पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जीवाणूपासून. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांनी तो १९६० नंतरच्या दशकात शोधून काढला होता. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांकडे श्रद्धेने किंवा कुतूहलाने पाहणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट विशेष रोचक वाटेल. झऱ्यातला जीवाणू कोणाच्या उपयोगी पडेल, याचा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

पाण्याच्या क्षेत्रात हे तंत्र लवकरच आले. १९९० साली असीम बेज, रोनाल्ड ॲटलस आणि त्यांचे सहकारी यांनी पाण्यातील कोलिफॉर्म जीवाणू या पद्धतीने ओळखता येतात, हे दाखवून दिले. आरएनए असलेल्या विषाणूंसाठी आधी आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करावी लागते. 'आरटी' ही आद्याक्षरे या उलट्या नकलेची आहेत. पुढे प्रत्येक फेरीगणिक प्रकाशमान होणारी रसायने वापरून जंतू आहे की नाही याबरोबर तो साधारण किती आहे, हेही मोजता येऊ लागले.

या तंत्राचे खरे महत्त्व त्याच्या वेगात जितके आहे, त्याहून अधिक ते नेमकेपणात आहे. पटकीच्या जीवाणूचे अनेक प्रकार नद्या-खाड्यांच्या पाण्यात कोणासही अपाय न करता राहतात. ज्यांच्यापाशी पटकीचे विष तयार करणारे जनुक असते तेच घातक. ई-कोलायचेही तसेच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. जनुक पाहिले, की सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे कळते. शिवाय काही जंतू प्रयोगशाळेत वाढावयासच नाखूष असतात. अतिसार घडविणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर या जीवाणूला कमी प्राणवायू व सुमारे ४२ अंश उष्णता लागते. पाण्यात काही काळ राहिल्यावर तो जिवंत असूनही संवर्धनपात्रात उगवत नाही. हिपॅटायटिस-ई व नोरोव्हायरस यांना नेहमीच्या साधनांनी वाढविणे तर फारच कठीण. जे उगवत नाही ते संवर्धनाच्या चाचणीत सापडत नाही. त्यांच्यासाठी रेण्वीय परीक्षणाशिवाय व्यवहार्य मार्ग नाही.

महाराष्ट्राला याचा प्रत्यय जानेवारी २०२५ मध्ये आला. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि नांदेड, किरकटवाडी या लगतच्या भागांत हातापायांतील शक्ती एकाएकी कमी होणारे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. या विकारास 'गिआँ-बारे सिंड्रोम', थोडक्यात जीबीएस, म्हणतात. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. आणि पोटात झालेला कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग हे याचे एक परिचित कारण आहे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासण्यात आले, तेव्हा काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. परिणामी तपासाचा रोख पाण्याकडे वळला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना देण्यात आल्या. केवळ 'पाण्यात कोलिफॉर्म आढळले' एवढ्या शेऱ्यावरून हातापायांच्या दुर्बलतेचा पाण्याशी संबंध लागणे अवघड होते.

अहवाल कसा वाचावा

इतके सामर्थ्यवान तंत्र हाती असता सर्व गावांचे पाणी याच पद्धतीने का तपासू नये, असा प्रश्न कोणाही जागरूक सदस्यास पडेल. त्याचे उत्तर केवळ खर्चात नाही. यंत्रे महाग आहेत, प्रशिक्षित माणसे थोडी आहेत, हे तर खरेच. कोविडनंतर पीसीआरची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी झाली आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी गोव्यातील एका कंपनीने बाजारात आणलेले बॅटरीवर चालणारे 'ट्रूनॅट' हे लहान यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचले आहे. ६५ अंशांच्या आसपास एकाच तापमानात काम करणारी 'लॅम्प' ही सोपी पद्धती जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केली. यंत्राची अडचण हळूहळू दूर होईल. पाण्याची स्वतःची अडचण मात्र राहणारच.

रुग्णाच्या नमुन्यात जंतू दाटीने असतात, पाण्यात ते विखुरलेले असतात. पीसीआरच्या नळीत नमुन्याचा अर्क साधारण पाच मायक्रोलीटर, म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, घातला जातो. एका लीटर पाण्यात असे दोन लाख थेंब असतात. लीटरभर पाण्यात दहा विषाणू असले, तर नेमका विषाणू असलेलाच थेंब उचलला जाण्याचा संभव किती, याचा हिशेब शाळेतील मुलगाही करील. म्हणून आधी पुष्कळ पाणी बारीक गाळणीतून काढून जंतू एकत्र आणावे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम व जिआर्डिया यांच्यासाठी भारतीय मानक दहा लीटर पाण्याचा विचार करते; विषाणूंसाठी पुष्कळदा याहूनही अधिक पाणी गाळावे लागते. लहान बाटलीतील पाण्यावरून 'विषाणू आढळला नाही' असा अहवाल आला, तर तो बाटलीविषयी खरा आणि विहिरीविषयी अपुरा असू शकतो.

दुसरी अडचण पावसाळ्याची. कुजलेल्या पालापाचोळ्यातून ह्युमिक आम्ल पाण्यात उतरते आणि ते पॉलिमरेज विकराचे काम बंद पाडते. जंतू असूनही यंत्र 'नाही' म्हणते. साथी नेमक्या याच दिवसांत उद्भवतात. यासाठी चांगली प्रयोगशाळा प्रत्येक नमुन्यात ओळखीचा एक डीएनए मुद्दाम मिसळते; तो जर यंत्राला सापडला नाही, तर अभिक्रियेत अडथळा आला असे समजून तो अहवाल बाजूला ठेवते.

तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. जंतू मेला तरी त्याचा डीएनए काही काळ पाण्यात शिल्लक राहतो. पीसीआरला जिवंत आणि मृत यांतील भेद कळत नाही. विहिरीत भरपूर टीसीएल पावडर टाकून दुसऱ्या दिवशी नमुना घेतला आणि अहवाल 'आढळला' असा आला, तर त्या जंतूने कोणाला अपाय होईलच असे नाही. फुटलेल्या आवरणाच्या मृत पेशींचा डीएनए निकामी करणारी रसायने आता उपलब्ध आहेत. परंतु त्यांचाही निर्वाळा सर्वस्वी निर्णायक नसतो. सारांश, जुनी चाचणी आणि नवी चाचणी यांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवूनच वाचावयास हवेत.

चौथी गोष्ट काळाची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत रोग दिसतो. हिपॅटायटिस-ई ला मात्र दोन ते दहा आठवडे लागतात. दिल्लीत नाल्याचे पाणी नोव्हेंबरमध्ये शिरले. रुग्ण डिसेंबर-जानेवारीत आले. गावात काविळीचे पहिले रुग्ण दिसल्यावर घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, म्हणून पाणी निर्दोष होते असे म्हणता येत नाही. दूषित पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. अशा वेळी यंत्रापेक्षा ग्रामपंचायतीची नोंदवही अधिक बोलते: सहा आठवड्यांपूर्वी जलवाहिनी कोठे फुटली होती, गटाराजवळचा जोड केव्हा दुरुस्त केला, जलकुंभ केव्हा धुतला, टीसीएल कोणत्या दिवशी संपली होती. कोल्हापुरात १९८१ साली व इचलकरंजीत २०१२ साली हिपॅटायटिस-ई च्या साथी येऊन गेल्या, हे लक्षात घेता पंचगंगेच्या काठीच नव्हे, तर सर्वत्रच अशा नोंदींचे महत्त्व सांगावयास नको.

वॉकर्टनचा धडा

या संदर्भात कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन या गावाची हकिगत प्रत्येक पाणीपुरवठा समितीने वाचावी अशी आहे. लोकवस्ती पाच हजारांच्या आत. आपल्याकडील मध्यम ग्रामपंचायतीएवढी. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतातील शेणखतामधील जंतू एका उथळ विहिरीत उतरले. ई-कोलायच्या घातक प्रकारामुळे व कॅम्पायलोबॅक्टरमुळे २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले. विहिरीलगतच्या शेतातील जनावरांतील जंतू आणि रुग्णांतील जंतू यांचे डीएनए ताडून पाहिले तेव्हा ते जुळले. कोणता जंतू, कोठून आला, याचे उत्तर रेण्वीय तंत्राने निःसंदिग्धपणे दिले.

पण चौकशीत जे उघड झाले ते यंत्रशाळेतले नव्हते. पाणीपुरवठ्यावरील कर्मचारी क्लोरीनची मात्रा कमी ठेवीत आणि शिल्लक क्लोरीन न मोजताच नोंदवहीत आकडे भरीत. अनेक वर्षे हे चालले होते. शेतकऱ्याचा दोष नसल्याचे चौकशी अहवालाने स्पष्ट केले. त्याने शेती योग्य रीतीनेच केली होती. विहिरीवर शिल्लक क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारी उपकरणे बसविलेली असती, तर साथ टळली असती, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. डीएनएचा ठसा साथीनंतर जुळला. क्लोरीनच्या मापाने मात्र साथीपूर्वीच इशारा दिला असता.

महाराष्ट्रात हे काम जलसुरक्षकाकडे सोपविलेले आहे. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले की नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ताज्या टीसीएल पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; पोते उघडे राहिले, ओल लागली, की तो उडून जातो आणि मग कितीही पावडर टाकली तरी तिचा उपयोग चुन्याइतकाच. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडू नये, ही सूचनाही पुष्कळदा पाळली जात नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणातील लाल, पिवळी व हिरवी कार्डे कोणी कार्यालयाच्या भिंतीवरील शोभेची वस्तू समजू नयेत. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, शेजारी शोषखड्डा किती अंतरावर आहे, ही पाहणी कोणत्याही पीसीआर यंत्राला करता येत नाही.

तथापि साथ आलीच, तर रेण्वीय परीक्षणाचा लाभ गावाला मिळेल की नाही, हे पुष्कळ अंशी पहिल्या तासात ठरते. साथीची बातमी येताच विहिरीत टीसीएल ओतण्याकडे सर्वांची धाव असते, आणि ते योग्यही आहे. मात्र त्यापूर्वी पाण्याचा नमुना घेण्यास पाच मिनिटे लागतात. पावडर पडल्यावर घेतलेल्या नमुन्यात संवर्धनाच्या चाचणीला काही सापडत नाही आणि रेण्वीय चाचणीला सापडले तर ते मेलेले की जिवंत, हा वाद उरतो. प्रथम नमुना, लगेच पावडर, हा क्रम जलसुरक्षक व आरोग्य सेवक यांच्या अंगवळणी पडला पाहिजे. नमुन्यासाठी उशीर म्हणून निर्जंतुकीकरण लांबविणे मात्र सर्वथा अयोग्य होय. बाटली नाही, तर घरात उपलब्ध असलेले भांडे उकळत्या पाण्याने धुऊन, थंड करून त्यात पाणी घेणे हे काहीच न घेण्यापेक्षा बरे. तसे घेतले असल्याचे चिठ्ठीवर लिहावे.

क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याचा नमुना ज्या बाटलीत घ्यावयाचा, त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. ते क्लोरीनला निकामी करते, म्हणजे वाटेत जंतू मरत नाहीत. बाटली पुरवठ्यापूर्वी 'स्वच्छ' करावी म्हणून ती विसळली, तर ते निघून जाते. म्हणून ती विसळू नये. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तो सहा तासांत, फार तर २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. विषाणू किंवा आदिजीव शोधावयाचे असतील तर छोटी बाटली पुरत नाही. किती लीटर हवे, हे जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेस दूरध्वनीवरून आधी विचारून घ्यावे. पाण्याबरोबर रुग्णांच्या शौचाचे नमुनेही, औषध सुरू होण्यापूर्वी, घेतले पाहिजेत. पाण्यात निसटलेला जंतू तेथे सापडण्याचा संभव अधिक असतो, आणि दोन्हींतील जंतू जुळला तरच उगमाविषयी खात्रीने बोलता येते.

आणि चिठ्ठी. तिच्यावर गाव, उद्भवाचे ठिकाण, नमुना घेतल्याची तारीख व वेळ, पावडर टाकण्यापूर्वी की नंतर, त्या वेळचे शिल्लक क्लोरीनचे माप, गेल्या चोवीस तासांत पाऊस झाला की नाही, आणि गावातील पहिला रुग्ण कोणत्या दिवशी आढळला, एवढे पेन्सिलीने लिहिलेले असावे. शाईची अक्षरे बर्फाच्या पेटीत पुसली जातात.